कमी पगार उरला, शाश्वती गेली

१९१४ साली मुंबई महापालिकेतल्या एका इंजिनिअरने नोकरी सोडली तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून त्याने पोरबंदर संस्थानात नोकरी केली होती, रेल्वेच्या कामासाठी पार युगांडापर्यंत जाऊन आला होता आणि मुंबईत शहराचा कचरा बाहेर वाहून नेणाऱ्या छोट्या रेल्वेचं काम त्याच्याकडे होतं. हे काम करताना सफाई कामगार कसे जगतात ते त्याने रोज पाहिलं. त्याचं नाव अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर. पुढे सगळा देश त्यांना ठक्करबाप्पा म्हणून ओळखू लागला. त्यांची गोष्ट आपण त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो आणि ती तशी आहेही. पण तिचा निम्मा भाग सांगायचा राहून जातो. नोकरी सोडून ते रस्त्यावर आले नव्हते. ते गेले गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात सुरू केलेल्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत, म्हणजे भारत सेवक समाजात. तिथे येणाऱ्याची पहिली पाच वर्षं उमेदवारीची असत. स्वतःसाठी पैसे मिळवायचे नाहीत आणि संस्था आपल्या व आपल्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी जे देईल त्यात समाधान मानायचं, अशी शपथ त्याला घ्यावी लागे. या शपथेला दोन बाजू आहेत. सदस्य पैशाचा मोह सोडत होता, आणि त्याच्या घरच्यांच्या पोटापाण्याची काळजी संस्था आपल्या अंगावर घेत होती.

आज ठक्करबाप्पांच्याच वयाची कितीतरी माणसं अशाच वळणावर उभी आहेत. हिंजवडीत, ऐरोलीत, नाशिक-औरंगाबादच्या कारखान्यांत, बँकांत आणि विमा कंपन्यांत पंधरा-वीस वर्षं काढल्यावर त्यांना वाटू लागतं, की आता उरलेली वर्षं पाण्यासाठी, शाळांसाठी, आरोग्यासाठी, कोणाच्या तरी उपयोगी पडणाऱ्या कामात घालवावीत. ती चौकशी करतात, संस्थांना पत्रं लिहितात, मुलाखतीही देतात. बहुतेकांचं पाऊल उंबऱ्यावरच अडतं. काही जण आत जातात आणि वर्ष-दीड वर्षात परत फिरतात. मग घरचे आणि मित्र म्हणतात, ‘त्यागाची तयारी नव्हती.’ परत आलेल्यालाही बऱ्याचदा मनातून तसंच वाटत असतं. मला हा निवाडा चुकीचा वाटतो, आणि अन्यायाचाही. तयारी असलेली माणसं पुष्कळ आहेत. जुन्या संस्थांनी त्यागाबरोबर जी व्यवस्था उभी केली होती, ती आपण मोडू दिली. त्यांच्याकडून कमी पगार तेवढा आपण वारशाने घेतला आणि त्या पगारामागची शाश्वती हरवून बसलो.

वारशाचीच गोष्ट निघाली आहे तर ती जरा नीट पाहू. १८८४ मध्ये पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिचे आजीव सदस्य दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवण्याचं वचन देत. त्याच शिक्षणावर सरकारी नोकरीत याच्या कित्येक पट मिळालं असतं, म्हणजे त्याग खराच होता. पण वीस वर्षांचं वचन एकतर्फी नव्हतं, संस्थाही वीस वर्षं त्या माणसाला बांधलेली होती. शिवाय आजीव सदस्य हे संस्थेचे नोकर नव्हते, चालक होते, आणि निर्णय तेच घेत. एवढं असूनही पैशाचा प्रश्न सुटला नव्हता. लोकमान्य टिळक १८९० मध्ये या सोसायटीतून बाहेर पडले. त्यामागच्या वादात एक मोठा मुद्दा हाच होता, की आजीव सदस्याने निर्वाहापुरतं घेऊन सगळा वेळ संस्थेला द्यावा, की वाढीव वेतन आणि बाहेरची मिळकत त्याला चालावी. टिळक, आगरकर, गोखले यांच्यासारख्या माणसांनाही हा प्रश्न टाळता आला नाही, तो त्यांनी उघडपणे आणि कडाडून भांडून मांडला. महर्षी कर्व्यांचं उदाहरण याहून बोलकं आहे. विधवांसाठी त्यांनी आश्रम काढला १८९६ मध्ये, पण फर्ग्युसन कॉलेजातलं गणित शिकवणं थांबवलं ते १९१४ मध्ये. अठरा वर्षं आश्रमाच्या मागे कॉलेजचा नेमका आणि नियमित पगार उभा होता. आश्रमासाठी वर्गणी गोळा करत फिरणारे कर्वे आपल्याला आठवतात. त्यांना तसं फिरता आलं याला कॉलेजच्या पगाराचाही हातभार होता, हे मात्र आठवत नाही.

आता आजचं चित्र जवळून पाहू. एखाद्या मध्यम आकाराच्या संस्थेची जाहिरात घ्या. पद प्रकल्प व्यवस्थापकाचं, अनुभव आठ ते दहा वर्षांचा हवा. मराठी आणि इंग्रजी लिहिता-बोलता यावं, महिन्यातले दहा-बारा दिवस फिरतीची तयारी असावी, देणगीदारांना द्यायचे अहवाल लिहिता यावेत. आणि तळाला एक ओळ असते: नेमणूक ३१ मार्चपर्यंत, पुढील मुदतवाढ निधीच्या उपलब्धतेनुसार. पगाराचा आकडा वाचून माणूस दचकतो, पण त्याचं गणित या शेवटच्या ओळीने बिघडतं. पगार निम्मा झाला तर घरखर्च आटोक्यात आणता येतो, गाडी विकता येते, मुलांच्या शाळेबद्दल वेगळा निर्णय घेता येतो. पुढच्या एप्रिलमध्ये पगार असेल की नसेल हेच ठाऊक नसेल तर कोणतंच गणित मांडता येत नाही. घराचा हप्ता निधीच्या उपलब्धतेनुसार थांबत नाही. कंपनीच्या सामूहिक आरोग्य विम्यात म्हातारे आईवडील होते. नोकरी सुटते तसा तो विमाही सुटतो आणि सत्तरीच्या माणसाचा नवा विमा महाग पडतो. भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागू होतो, आणि आपल्याकडच्या असंख्य संस्था दहा-बारा जणांवर चालतात. एका मोठ्या निर्णयाच्या पोटात असे पाच-सहा छोटे निर्णय असतात आणि प्रत्येकाचं ओझं त्या एकट्या माणसावर येतं.

संस्था असं का वागतात? कंजूषपणामुळे नाही. एका प्रकल्पाचं अंदाजपत्रक डोळ्यांसमोर आणलं की उलगडा होतो. समजा, नंदुरबार जिल्ह्यातल्या वीस पाड्यांवर मुलांसाठी संध्याकाळचे वर्ग चालवायचे आहेत आणि एक कंपनी वर्षाला ४० लाख रुपये देते आहे. आकडे कल्पनेतले आहेत, रकाने मात्र खरे. पाड्यावरच्याच वीस तरुण-तरुणींना महिन्याला सहा हजार म्हटले तर वर्षाचे १४ लाख ४० हजार होतात. दोन पर्यवेक्षक दरमहा १८ हजारांवर घेतले तर ४ लाख ३२ हजार. पुस्तकं, फळे, सौरदिवे, प्रशिक्षण शिबिरं, मोटारसायकलचं पेट्रोल, मुलांचा खाऊ यांत उरलेले बहुतेक पैसे जातात. शेवटच्या रकान्याला नाव असतं प्रशासकीय खर्च आणि त्यासमोर पाच टक्के, म्हणजे दोन लाख रुपये. महिन्याला साडेसोळा हजारांच्या आसपास. त्यात हिशेबनीस, लेखापरीक्षण, कार्यालयाचं भाडं, वीज, इंटरनेट, धर्मादाय आयुक्तांकडच्या कागदपत्रांची कामं आणि हा सगळा गाडा हाकणारा माणूस बसवायचा. वीस वर्षांचा अनुभव घेऊन शहरातून येऊ पाहणाऱ्या व्यवस्थापकाला या कागदावर जागाच नाही. त्याला महिन्याला ६० हजार द्यायचे, म्हणजे पूर्वीच्या पगाराच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याने द्यायचे म्हटलं, तरी वर्षाचे ७ लाख २० हजार होतात. संस्थेला तो हवा असतो, तिचे विश्वस्त त्याच्याशी तासभर आपुलकीने बोलतात, आणि शेवटी ‘कळवतो’ म्हणून त्याला निरोप देतात.

या पाच टक्क्यांमागे समजुतीचा मोठा घोळ आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींचं नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा, यांपैकी एकही निकष लागू पडणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. सामाजिक क्षेत्रातली मंडळी याला नुसतं ‘सीएसआर’ म्हणतात. २०२२-२३ मध्ये देशभरात हा खर्च सुमारे ३० हजार कोटी रुपये झाला आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्रात आला. २०२१ च्या नियमांत प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे हे खरं. पण ती आहे कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला. प्रकल्प आखणं, राबवणं, त्यावर देखरेख ठेवणं आणि त्याचं मूल्यमापन करणं यांवरचा थेट खर्च तिच्यात येतच नाही. तरीही व्यवहारात कित्येक कंपन्या हेच पाच टक्के संस्थेच्या डोक्यावर ठेवतात. मुदतीचंही तसंच. चालू प्रकल्प म्हणून जाहीर केलेलं काम, सुरू झालेलं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवायला नियमांची मुभा आहे. म्हणजे चार वर्षांची नेमणूक देता येईल एवढी जागा कायद्यात आहे. ३१ मार्चची रेघ पुष्कळदा सवयीने मारलेली असते.

परदेशी देणग्यांच्या बाबतीत मात्र कायदाच कडक झाला. एफसीआरए कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून थेट २० टक्क्यांवर आली. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला परदेशी निधी देणंही बंद केलं. त्यामुळे मोठ्या संस्थांच्या आधाराने जगणाऱ्या तालुक्याच्या गावांतल्या छोट्या संस्थांचा एक झराच आटला. या कायद्याखाली रुग्णालयातल्या डॉक्टरचा आणि शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय धरला जात नाही, पण व्यवस्थापनासाठी नेमलेल्या माणसाचा धरला जातो. शहरातून मध्यम वयात या क्षेत्राकडे वळणारा माणूस बहुधा याच दुसऱ्या प्रकारातला असतो. त्याला हिशेब येतो, माणसं सांभाळता येतात, संगणकावर माहितीची मांडणी करता येते, खरेदीत चार पैसे वाचवता येतात. म्हणजे त्याच्याजवळ जे आहे, तेच या व्यवस्थेत ‘वरखर्च’ ठरतं. ब्रिजस्पॅन या सल्लागार संस्थेने भारतातल्या ४० नावाजलेल्या संस्थांचे हिशेब अभ्यासले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडले. संस्थेनुसार अप्रत्यक्ष खर्च ५ टक्क्यांपासून ५१ टक्क्यांपर्यंत होता आणि मधला आकडा १९ टक्के निघाला. आपल्या ४० लाखांच्या प्रकल्पाला हे माप लावलं तर दोन लाखांच्या जागी ७ लाख ६० हजार येतात. संस्था नीट चालायला लागणारा पैसा आणि दिला जाणारा पैसा यांत एवढं अंतर आहे.

मराठीत या अंतराला एक शब्दही आहे: मानधन. पगार म्हटला की हक्क आला, वाढ आली, रजा आली, निवृत्तीचा विचार आला. मानधन म्हटलं की देणाऱ्याचं औदार्य आणि घेणाऱ्याचा संकोच एवढंच उरतं. अंगणवाडी सेविका आणि आशा ताई वर्षानुवर्षं पूर्णवेळ राबल्या, पण कागदोपत्री त्या ‘मानसेवी’ राहिल्या आणि त्यांना मिळालं ते मानधन. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. त्यांना मिळणारं मानधन हे कायद्याच्या अर्थाने वेतनच आहे, असं न्यायालयाने मान्य केलं. तो निकाल त्यांच्यापुरता आहे. पण त्याने उघडी पाडलेली गोष्ट सामाजिक क्षेत्राच्या कोपऱ्याकोपऱ्यात दिसते. कामाबद्दल आदर भरपूर दाखवायचा आणि त्या आदराच्या भरात काम करणाऱ्याच्या म्हातारपणाचा विषय काढायचाच नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असं मी म्हणत नाही. शब्दच तसा घडला आहे आणि आपण त्याच्या आड उभे राहतो.

सगळा दोष पैशावर टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. येणाऱ्याच्या बाजूलाही एक अडचण आहे आणि ती सहसा बोलली जात नाही. गडचिरोलीत माडिया आणि गोंडी, मेळघाटात कोरकू, सातपुड्यात भिली आणि पावरी बोलल्या जातात. पुण्याच्या माणसाची मराठी तिथे अर्धवटच उपयोगी पडते. सामूहिक वनहक्काचा दावा तयार करायचा तर २००६ चा वनहक्क कायदा वाचलेला असून भागत नाही. ग्रामसभेचा ठराव, गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब, सीमेचा नकाशा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती अशा पायऱ्या चढाव्या लागतात आणि प्रत्येक पायरीवर कोणाशी कसं बोलायचं हे ठाऊक असावं लागतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची रीत पाडली. एकाचाही विरोध असेल तर विषय थांबतो, त्यावर पुन्हा बोलणं होतं. तिमाहीची उद्दिष्टं गाठायची सवय लागलेल्या माणसाला हा वेग सोसत नाही. पण त्याच गावाने बाहेरच्या माणसाची जागाही दाखवून दिली आहे. तिथे अभ्यास गट असतो. त्यात बाहेरचे जाणकार बसतात, माहिती देतात, वाद घालतात. निर्णय मात्र ग्रामसभा करते. मध्यम वयात येणाऱ्याने स्वतःला निर्णय घेणाऱ्याच्या खुर्चीत न पाहता या अभ्यास गटातल्या चटईवर पाहिलं, तर त्याची पुष्कळ निराशा टळेल.

पण चटईवर बसून शिकायलाही वेळ लागतो, आणि त्या वेळाचे पैसे कोणीतरी द्यावे लागतात. गोखल्यांनी त्यासाठी पाच वर्षं ठेवली होती. आज शिकण्याची सोय आहे ती बहुतेक तरुणांसाठी. मुख्यमंत्री फेलोशिपला वयाची अट २१ ते २६ आहे, स्टेट बँकेच्या ‘यूथ फॉर इंडिया’ला २१ ते ३२. गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेने २००६ मध्ये सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रम फार मोलाचा आहे आणि तोही युवकांसाठी आहे. हे सगळं हवंच. तरुणपणी पाऊल वळलं तर आयुष्य वळतं. पण चाळिशीतल्या माणसासाठी पूल जवळजवळ नाहीत. ‘इंडिया लीडर्स फॉर सोशल सेक्टर’सारखे मोजके अभ्यासक्रम आहेत, पण त्यांचा रोख वरिष्ठ पदांवरच्या लोकांवर आहे. कंपनीतला मधल्या फळीचा हिशेबनीस, बी-बियाण्यांच्या कंपनीतला विक्री प्रतिनिधी, खासगी रुग्णालयातली परिचारिका यांना वर्षभर पोटापुरते पैसे देऊन हे काम शिकवणारी जागा शोधूनही सापडत नाही. तालुक्यातालुक्यांत उपयोगी पडतील अशी माणसं तर हीच आहेत.

यावर येणारा सर्वांत जुना आक्षेप सेवाभावाचा आहे. पगार वाढला, शाश्वती आली, की पगारासाठी येणारे येतील आणि सेवाभाव आटेल, असं म्हणतात. ही भीती मी खोटी मानत नाही. पण कमी आणि अनिश्चित पगाराची चाळणी सेवाभाव तपासते हे गृहीतच चुकीचं आहे. ती तपासते घर कोणाच्या नावावर आहे, बायकोला किंवा नवऱ्याला पक्की नोकरी आहे का आणि वडिलांनी मागे काय ठेवलं. पुण्यात वडिलोपार्जित फ्लॅट असलेला माणूस ती चाळणी पार करतो. लातूर किंवा बीडच्या कोरडवाहू घरातून शिकून वर आलेली, घरातली पहिली पदवीधर असलेली आणि दर महिन्याला गावी पैसे पाठवणारी मुलगी तिच्यात अडकते, मग तिचा सेवाभाव कितीही उत्कट असो. गरिबी जिने आतून पाहिली आहे, सावकार, टँकर आणि ऊसतोडीचं स्थलांतर जिला समजावून सांगावं लागत नाही, तीच बाहेर राहते. वाईट याचं वाटतं, की यात जातही गपचूप आपलं काम करून जाते, कारण पिढ्यानपिढ्यांची शिल्लक कोणाकडे आहे हे आपण सगळे जाणतो. त्यागाची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ती सारखी आहे असं धरून चालणारी व्यवस्था, नकळत का होईना, सामाजिक काम मोजक्या घरांच्या हाती ठेवते.

दुसरा आक्षेप देणगीदाराचा असतो. माझा रुपया गरिबापर्यंत जावा, कार्यालयात मुरू नये. शिवाय खोट्या संस्था काय कमी आहेत? नाहीतच कमी. सीबीआयने २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या माहितीप्रमाणे देशात सुमारे ३० लाख संस्था होत्या आणि ताळेबंद सादर करणाऱ्या दहा टक्क्यांहूनही कमी. हा अविश्वास संस्थांनी ओढवून घेतलेला आहे हे कबूल केलं पाहिजे. मात्र ताळेबंद वेळेवर सादर व्हायला हिशेबनीस लागतो, तो नेमायचा तर पैसे लागतात, आणि नेमके तेच पैसे देणगीदार ‘मुरलेले’ मानतो. वरखर्च कमी दाखवणारी संस्था प्रामाणिक असतेच असं नाही. कधी ती खर्च दुसऱ्या रकान्यात ढकलते, कधी एका माणसाकडून तीन माणसांचं काम करून घेते. शिक्षकाच्या पगाराला आपण शाळेचा वरखर्च म्हणत नाही, कारण शिक्षकाशिवाय शाळा म्हणजे चार भिंती. सामाजिक काम जवळजवळ पूर्णपणे माणसांनी केलेलं असतं. सौरदिवे ट्रकने पोचवता येतात. पण बिघडलेला दिवा सहा महिन्यांनी कोणी पाहायचा, याचं उत्तर अंदाजपत्रकातल्या माणसाच्या रकान्यातच मिळतं.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. शहरी, जास्त पगाराच्या माणसांसाठी जागा कशाला करायच्या? त्याच पैशात गावातले तिघे कामाला लागतील, आणि त्यांना भाषा येते, वाटा ठाऊक आहेत. हे मला पटतं. दोघांतून एकालाच घेता येत असेल तर स्थानिक माणूस घ्यावा. पण अनिश्चिततेचा मार या स्थानिक कार्यकर्त्यालाच सर्वांत जास्त बसतो. शहरातून आलेला निदान परत जाऊ शकतो. धडगावच्या पाड्यावर सहा हजारांवर शिकवणाऱ्या तरुणाचा प्रकल्प मार्चमध्ये संपला की एप्रिलमध्ये तो सुरतेला किंवा नाशिकला मजुरीला जातो आणि त्याच्याबरोबर संस्थेने दोन वर्षांत जमवलेला विश्वासही निघून जातो. मी मागतो आहे ती बहुवर्षीय निधीची, विम्याची, शिकण्याच्या काळाची सोय त्याच्यासाठी आधी व्हावी. ती त्याच्यासाठी झाली की शहरातून येणाऱ्यासाठीही दार आपोआप रुंद होईल, कारण दोघं एकाच कागदावर अडलेले आहेत.

आणखी एक जण शांतपणे म्हणतो, की नोकरी सोडूच नका, कमवा आणि द्या. हा मार्ग आदराचा आहे आणि पुष्कळांनी तोच धरावा. फक्त दोन गोष्टी ध्यानात असू द्या. नव्या करप्रणालीत देणगीवरची करवजावट मिळत नाही, त्यामुळे देणं हे आता निखळ देणं आहे. आणि देताना विशिष्ट वस्तूसाठी न देता संस्थेच्या सर्वसाधारण निधीला द्या, जमलं तर तीन वर्षांचा शब्द द्या. वह्या-दप्तरांसाठी देणारे खूप भेटतात. हिशेबनीसाच्या पगारासाठी दरवर्षी ठरलेली रक्कम देणारा एक जण एखाद्या छोट्या संस्थेला सावरून धरतो. ज्यांना तरीही जायचंच आहे, त्यांनी मुलाखतीत पगाराच्या आधी विचारावं: माझं पद कोणाच्या निधीतून आहे, तो किती वर्षांचा आहे, तो संपला तर संस्थेची गंगाजळी किती महिने पुरेल? हे विचारताना पुष्कळांना लाज वाटते, जणू आपण सेवेचा भाव करतो आहोत. चांगल्या संस्थेला या प्रश्नांचा राग येत नाही. तिचे विश्वस्त रात्री याच प्रश्नांनी जागे असतात.

ठक्करबाप्पांकडे परत जायचं तर त्यांच्या आयुष्यातल्या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. भारत सेवक समाजात ते आले १९१४ मध्ये. त्यांचं नाव ज्या कामाशी कायमचं जोडलं गेलं, ते दाहोदचं भील सेवा मंडळ स्थापन झालं १९२२ मध्ये. मधल्या आठ वर्षांत ते दुष्काळाच्या मदतकार्यात फिरत होते, माणसं आणि मुलूख समजून घेत होते, इंजिनिअरचे कार्यकर्ता होत होते. त्या आठ वर्षांत ३१ मार्च आठ वेळा आला.